अचानक

आमच्या हेदवीला येणारे पाहुणे दशभुजा गणपतीचे दर्शन घेतात आणि मग समुद्रावर बामणघळ पाहायला जातात. खडकातल्या अरुंद घळीत भरतीचे पाणी शिरते आणि एकदम उंच उसळते. पाहुणे दचकतात, हसतात, मागे सरतात. गाववाले दचकत नाहीत. भरती केव्हा येणार हे त्यांना तिथीवरून ठाऊक असते. घरातल्या पैशांच्या बाबतीत मात्र आम्ही कित्येक वर्षे त्या पाहुण्यांसारखेच वागत होतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच्या तडाख्यात आमच्या घराचे पत्रे उडाले. आईने बचत गटातून ४०,००० रुपये उचलले. व्याज महिना शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बाबा गवंडी, आई काजू सोलायला जाते. दोघांची मजुरी चालू असली तर हप्ता फार जड नव्हता. पण हप्त्याची तारीख जवळ आली की काहीतरी उपटायचेच. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आले, नवे पत्रे पुन्हा निखळले. त्याच पावसाळ्यात विहिरीवरचा पंप जळला. घरात तेव्हा एकच रक्कम शिल्लक होती, ताईच्या कॉलेजप्रवेशासाठी पाकिटात ठेवलेली. ती पंपाला गेली. ताई "पुढच्या वर्षी जाईन" म्हणाली आणि आईबरोबर काजूवर जाऊ लागली. ते पुढचे वर्ष आलेच नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढायची ती तिने.

जून २०२३ मध्ये मी बारावीत गेले. त्या महिन्यात जुन्या वहीत हिशेब मांडायला बसले, तर तीन वर्षे हप्ते भरूनही बाकी ४२,००० निघाली! मग घरात विचारून विचारून सारे 'अचानक' खर्च लिहून काढले. पंप दोनदा, आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन, गाईचे दुखणे, आहेर. एकूण ११ खर्च, २९,७०० रुपये. त्याला ३६ महिन्यांनी भागले, तेव्हा महिन्याला सव्वाआठशे आले. कोणता खर्च येईल ते सांगता आले नसते. पण काहीतरी येणार हे नक्की होते. गणपती तर दरवर्षी येतात, तरी आमच्या घरी तेही अचानकच येत. तेही नेमके पावसात, जेव्हा बाबांचे काम बंद असते!

मी म्हटले, हप्ता थोडा कमी करू आणि दर महिन्याला जमेल तेवढे डब्यात टाकू. बाबा चिडले. "बाय, गटाचं व्याज वाढतंय नि तू पैसे डब्यात कुजवतेस?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. डब्यातल्या प्रत्येक शंभरामागे महिना दोन रुपये आमच्या अंगावर बसणार होते. पण डबा नसला की आम्ही बाहेरून शेकडा पाचने पैसे आणत होतो. मी दोन्ही आकडे शेजारी लिहून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत. ताईने मात्र उठून बिस्किटांचा रिकामा डबा आणला आणि आपल्या मजुरीतले दोनशे त्यात टाकले.

गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, आजी ओल्या पडवीत घसरली. हात मोडला. चिपळूणपर्यंत गाडी, एक्स-रे, प्लास्टर, औषधे मिळून ६,९०० रुपये झाले. डब्यात ७,३५० होते. त्याच आठवड्यात माझी दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. तिचे पाकीट फडताळात तसेच होते. बाबांची नजर दोनदा तिकडे गेलेली मी पाहिली. पण हात डब्याकडे गेला.

कर्ज अजून फिटलेले नाही; ११,००० बाकी आहेत. डब्यातही सध्या फारसे काही नाही. पण त्या रात्री चिपळूणहून परतल्यावर भिजलेली छत्री कोपऱ्यात ठेवून बाबांनी पहिला प्रश्न केला, "वहीत लिहिलंस ना गो?" मी लिहीत होते. ताई शेजारी बसून माझ्या नव्या पुस्तकांना कव्हरे घालत होती.