वाण द्यायचं ते बियांचं!

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की आपल्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: यंदा हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं? प्लॅस्टिकचे डबे झाले, गाळण्या झाल्या, साबणदाण्या झाल्या. घरोघरच्या फडताळात त्यांची गर्दी झाली आहे. मी गेली काही वर्षं एक वेगळं वाण देते. कागदाच्या पुडीत पावट्याचे दहा दाणे. दिसायला अगदीच किरकोळ, पण त्याचं मोल किती, ते मला पुरामुळे कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्या भाषेची गंमत बघा. सवाष्णीच्या हातात देतो तेही वाण आणि शेतात पेरतो तोही वाण! गव्हाचा वाण, भाताचा वाण, तसाच पावट्याचा वाण. आणि पावट्याचे वाण तर कितीतरी. कोकणातला कडवा वाल, देशावरचा पावटा, चपट्या शेंगांचा घेवडा, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. कुणाची शेंग हिरवी, कुणाची पांढरट, कुणाची जांभळी. दाणा कुठे काळा, कुठे तांबूस, कुठे पांढरा. दक्षिण भारतात हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमधून याचे दाणे सापडले आहेत. त्यामानाने श्रावणघेवडा पाहुणाच म्हणायचा, तो मूळचा अमेरिकेतला. पावट्याशिवाय आपली भोगीची भाजी नाही आणि वालाशिवाय कोकणात बिरडं नाही.

आमच्या घरचा पावटा जांभळ्या कडेचा. सासूबाईंनी तो लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून येताना ओच्यातून आणला होता. सांगलीतल्या आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर तो वाढायचा आणि दिवाळी झाली की सगळं कुंपण जांभळ्या तुऱ्यांनी भरून जायचं. बाजारातल्या शेंगेपेक्षा ही शेंग थोडी राठ, पण दाणा असा चवीचा की आमटीला वेगळा मसाला लागत नाही. सासूबाई दरवर्षी चार घरी बी द्यायच्याच. मी म्हणायची, "आई, आपल्यालाच पुरत नाही, तर लोकांना कशाला?" त्या म्हणायच्या, "अगं, आपल्याकडचं गेलं, तर मागायला कुणाकडे जाशील?" २०१८ च्या संक्रांतीला त्यांच्याच आग्रहावरून मी हळदीकुंकवाला एकवीस पुड्या वाटल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. आठवड्यानं परत आलो, तेव्हा कपाट फुगलेलं, फ्रीज आडवा, गाद्यांचा चिखल. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी कशाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "पावट्याचा डबा?" डबा सापडला, पण आत कुबट वासाचा लगदा होता. परसातला वेलही गाळाखाली गेला होता. साठ वर्षांचं बी एका आठवड्यात संपलं. पैसे टाकून भांडी परत आली, गाद्या आल्या. हे बी मात्र कुठल्याही दुकानात मिळणारं नव्हतं.

मग मी एकवीस जणींची यादी काढली आणि एकेकीला विचारत सुटले. कितीजणींना तर पुडी आठवतही नव्हती. एकीनं हसत सांगितलं, "अहो, मी ते उसळीत टाकले!" चारजणींचं घर आमच्यासारखंच पाण्यात गेलेलं. शेवटी मिरजेला राहायला गेलेल्या आमच्या जुन्या शेजारीणबाईंनी बरणी उघडली आणि मूठभर दाणे काढून दिले. दुसरे आले आटपाडीहून, माझ्या नणंदेकडून. सासूबाईंनी ते तळहातावर घेतले, एक दाणा दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगले वाळवलेत हं पोरीनं."

२०२० च्या जूनमध्ये आम्ही दोन्हीकडचं बी वेगवेगळं लावलं. मिरजेच्या बियांना अगदी आमचीच जांभळी कड आली. नणंदेच्या बियांत मात्र निम्म्या वेलांना नुसत्या हिरव्या शेंगा! कारण साधं आहे. पावट्याचं फूल बहुतेक आपलं आपणच फळतं, पण भुंगे आणि मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात, आणि नणंदेच्या बांधावर शेजारीच हिरवा घेवडा होता. तेव्हा बी धरायचं असेल, तर एका परसात एकच जात लावावी, नाहीतर दोन जाती दोन टोकांना. एवढं करून वेगळी शेंग दिसलीच, तर ती खुशाल भाजीला घ्यावी, बियाला ठेवू नये.

आता तुम्ही विचाराल, आम्ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर रंगाचा मोठा रिकामा डबा किंवा जुनी बादली पुरते. तळाला भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा, दोन दाणे लावा, गजांना सुतळी बांधून वेल चढवा. मात्र वेळ पाळायला हवी. जुना पावटा दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाही. जून-जुलैत लावला तर दिवाळीच्या सुमाराला फुलेल. फेब्रुवारीत लावलात तर नुसती पानंच बघत बसाल. मावा पडला, तर पहाटेच्या दंवात चाळलेली राख भुरभुरावी किंवा साबणाचं पातळ पाणी शिंपडावं. वेल संपला की उपटू नका, बुडाशी कापा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, तो पुढच्या झाडाला मिळतो.

बी धरण्याची रीतही सोपी आहे. सर्वांत निरोगी वेल निवडा. त्यावरच्या मधल्या बहराच्या भरदार शेंगांना रंगीत दोरा बांधा आणि घरात सांगून ठेवा, की या शेंगांना हात लावायचा नाही! शेंग वेलावरच वाळून खुळखुळू लागली की काढा. दाणे सावलीत आठवडाभर वाळवा. दाताखाली धरल्यावर खूण उमटली नाही, म्हणजे वाळले. मग चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर चिठ्ठी लावा: जात कोणती, कुणाकडून आली, साल कोणतं. पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. आठांना मोड आले, तर बी उत्तम.

एक सावधगिरीही सांगते. वाल, पावटा, डबल बी यांचे वाळलेले दाणे कच्चे खाऊ नयेत. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि दाणे पूर्ण शिजवावेत. पुडी देताना हे तोंडानं सांगावं, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरी.

हे काम हौसेचं वाटेल, पण ते लहान नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावोगावच्या बायकांकडून वालाच्या, घेवड्याच्या, भाताच्या, भाज्यांच्या जुन्या जाती गोळा केल्या. बाएफ संस्थेच्या साथीनं घरात बीज बँक उभी केली आणि बी मागेल त्याला देत राहिल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मूळ रीत मात्र आपल्या आज्यांचीच: मडक्यात राख, राखेत बी आणि मागणाऱ्याला मूठभर.

कुणी म्हणतं, असं बी वाटायला कायद्याची हरकत नाही ना? मुळीच नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा दिली आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी छाप मारून विकता येत नाही. आपण तर नुसत्या पुड्या वाटणार!

सासूबाई २०२१ च्या मार्चमध्ये गेल्या. त्या हिवाळ्यातला बहर त्यांनी खिडकीतून पाहिला आणि बियांच्या शेंगांना दोरे कुठे बांधायचे, तेही तिथूनच सांगितलं. आता मी यादी वहीत नीट लिहून ठेवते. देताना एक अट घालते: उगवलं तर पुढच्या वर्षी आणखी दोघींना द्यायचं. काहीजणी विसरतात, काहीजणी उसळ करतात, त्याला इलाज नाही. पण आमच्या पुरात एकवीस जणींपैकी दोघींनीच तर ते बी जगवलं होतं, आणि दोघी पुरल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, या संक्रांतीला बाजारात जाण्याआधी आईला, मावशीला, गावाकडच्या जावेला एकदा विचारा, तुमच्या घरची शेंग कुठली होती? कुणाच्या तरी बरणीत ती अजून असेल. ती मागून घ्या, लावा, आणि पुढच्या वर्षी हळदीकुंकवाच्या तबकात दहा-दहा दाण्यांच्या पुड्या ठेवा. डबा काय, कुणीही देतं!