एका वाक्याची दुरुस्ती

गणितांत भाषेचें काय काम, असें कोणीं विचारिलें म्हणजे आम्हांस एका उत्तरपत्रिकेची आठवण होते. तींत चूक विद्यार्थ्याची दिसत होती. पण तिचें मूळ आमच्यापाशीं होतें.

वरच्या वर्गास आम्ही संचांविषयींचा द मॉर्गनचा नियम शिकवीत होतों. ऑगस्टस द मॉर्गन हे इंग्रज गणिती. परंतु त्यांचा जन्म १८०६ सालीं आपल्याच देशांत, मदुराईस झाला. दोन संचांच्या संयोगाचा पूरक संच म्हणजे त्यांच्या पूरक संचांचा छेद, असा हा नियम आहे. सिद्धता देतांना आम्हीं फळ्यावर लिहिलें, "क्ष हा अ किंवा ब या संचांत नाहीं."

परीक्षेंत एका मुलानें त्यापुढें लिहिलें, "म्हणून क्ष अ मध्यें नाहीं, किंवा ब मध्यें नाहीं," आणि छेदाच्या जागीं संयोग आणिला. आम्हीं तांबड्या शाईनें शून्य दिलें. तो उत्तरपत्रिका घेऊन आला व नम्रपणें म्हणाला, "सर, पहिलें वाक्य आपलेंच आहे. मला त्याचा अर्थ असाच लागला."

त्या रात्रीं आम्हीं एक उदाहरण करून पाहिलें. विश्वसंच १, २, ३, ४. अ मध्यें १ व २. ब मध्यें २ व ३. संयोगाबाहेर एकटा ४ उरतो. मुलाच्या अर्थानें मात्र १ आणि ३ हेही बाहेर पडतात. अर्थ चुकीचा होता खरा, पण आमच्या वाक्यानें त्याला वाट मोकळी ठेविली होती!

मग आम्हीं सिद्धता नव्यानें लिहिली. "क्ष अ मध्येंही नाहीं आणि ब मध्येंही नाहीं," असें वाक्य केलें. पूरकासाठीं अक्षरावर देत असूं ती बारीक रेघ खडूनें पुसट होई, आणि दुसऱ्या घटकासही आम्ही तीच रेघ देत असूं. आतां अ च्या पूरकास क, ब च्या पूरकास ख अशीं नांवें आरंभींच दिलीं. "त्याचप्रमाणें उलट" या शब्दांआड लपविलेली दुसरी बाजूही मांडली: य हा क व ख या दोहोंत असेल, तर तो अ मध्येंही नाहीं, ब मध्येंही नाहीं, म्हणून त्यांच्या संयोगांतही नाहीं. दोन्ही बाजू झाल्या, तेव्हांच दोन संच समान ठरले.

दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं आपली चूक कबूल केली व तें शून्य खोडलें. निष्कर्ष चुकला असल्यानें पूर्ण गुण देतां आले नाहींत; पण नवी सिद्धता फळ्यावर लिहिण्याचा मान त्यालाच दिला. त्यानें ती एकदांही न अडखळतां लिहिली.

पालकांस एवढीच विनंती कीं, मूल "समजलें नाहीं" म्हणालें, तर त्याच्या बुद्धीस बोल लावण्यापूर्वीं त्याच्यापुढचें वाक्य एकदां वाचून पाहावें. आम्ही शिक्षकही आतां तसेंच करितों.