स्टेअरिंग ढिलं झालं, म्हणून गाडी मोडीत?

मैत्रिणींनो, कुकरची शिटी होईनाशी झाली, तर आपण कुकर मोडीत देतो का? आधी रिंग बघतो, मग शिटीचं भोक काडीनं साफ करतो, व्हॉल्व्ह तपासतो. स्वस्तातल्या वस्तूपासून सुरुवात करायची, ही आपली घरातली रीतच आहे. जुन्या मोटारीच्या स्टेअरिंगलाही नेमकी हीच रीत लागू पडते. "मोटारीतलं बायकांना काय कळतं?" असं तुमच्या घरी कुणी म्हणालंच, तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा!

आमच्याकडे सुदुंबऱ्याला सासऱ्यांच्या हातची प्रीमिअर पद्मिनी आहे. ही मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई आणि १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सी. सी. चं. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टेअरिंगलाच असतो. बाजारहाट आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे असल्यानं गाडी बहुधा मीच चालवते.

गेल्या वर्षी स्टेअरिंगला 'प्ले' आला. म्हणजे चाक चार बोटं फिरवावं, तेव्हा कुठं गाडी वळायची. गिअरही अडकायला लागला. आमच्या गावाजवळून तळेगाव-चाकण रस्ता जातो. कारखान्यांचे कंटेनर त्यावरून रात्रंदिवस धावतात. अशा कंटेनरशेजारून जाताना हातातलं चाक ऐकत नाही म्हटल्यावर पोटात गोळा येतो हो! एका गॅरेजमध्ये दाखवली. "अख्खा बॉक्स गेलाय, पार्ट मिळत नाहीत, भंगारात काढा," असं सांगून ते मोकळे झाले. ह्यांनीही मान डोलावली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत.

मग मी एका वयस्क मेस्त्रींना गाठलं. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या टॅक्सी दुरुस्त करण्यात घालवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, पण ते कसब अजून त्यांच्या हातात आहे. ते म्हणाले, "वहिनी, खेळ कुठं हरवतो ते आधी शोधू."

त्याची रीत अगदी सोपी. गाडी सपाटीवर, चाकं सरळ, इंजिन बंद. मी आत बसून स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत राहिले, मेस्त्री खालून एकेक सांधा हातानं चाचपत गेले. जिथं एक बाजू हलते आणि पुढची हलत नाही, तिथं झीज! टाय रॉडची दोन टोकं अशी सापडली. मग पुढची चाकं जॅकवर उचलून वरखाली हलवून पाहिली, तर एका बाजूच्या किंगपिनचे बुश झिजलेले. गिअर अडकत होता तो तर स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या एवढ्याशा बुशांमुळे! टाय रॉडची टोकं मुंबईहून आणवली, बुश चाकणच्या एका टर्नरनं लेथवर करून दिले.

राहिला तो बॉक्स. त्यात मळसूत्रासारखा आटे पाडलेला दांडा असतो. आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून तो मधल्या भागात जास्त झिजतो. आपला पाटा नाही का मध्येच खोलगट होतो, तसा. पाट्याला टाकी लावून घेता येते, याला येत नाही. बॉक्सवरचा स्क्रू पिळून खेळ कमी करता येतो, पण जास्त आवळला की वळणावर स्टेअरिंग जड होतं आणि आपणहून सरळ येत नाही. म्हणून थोडा खेळ राहू द्यावा. बॉक्समधलं गिअर ऑइलही तळाला गेलं होतं. सुदुंबरे म्हणजे तेल्याच्या घरात जन्मलेल्या संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीचं गाव. इथं तेलाची महती मी काय सांगावी!

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. एक, बॉक्स बदलायचा म्हटलं, तर आधी समोर सांधे तपासून दाखवायला सांगा. दोन, स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करू देऊ नका. इथं जोडकाम म्हणजे जिवाशी खेळ. तीन, टाय रॉडच्या नटातून जी काट्याची पिन जाते, ती दर वेळी नवीच घालायला लावा. जुनी सरळ करून पुन्हा घालणारा मेस्त्री आपला नव्हे. चार, टोकं बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाही तर नवे टायर बघता बघता खाल्ले जातील. ग्रीस आणि तेल मात्र ठरल्या वेळी, विसर न पडता.

आणि झीज बॉक्सच्या आतच फार झाली असेल, चांगला बॉक्स मिळत नसेल, तर गाडी उभी करून ठेवायची. तिथं सासऱ्यांची आठवण आणि आपली माया, दोन्ही बाजूला ठेवावी लागतात. आमची पद्मिनी थोडक्यात निभावली. काम झालं त्या दिवशी पहिली फेरी सासूबाईंना घेऊन समाधीपर्यंत केली. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता चाक ऐकतंय गं तुझं."