मधेच बंद पडली तर?

तर मंडळी, गेले तीन महिने ब्लॉगवर एक ओळ लिहिली नाही. कारण सांगितलं तर हसाल. मी आणि माझा पुतण्या मिळून होडी बांधत होतो. माणसं बसायची नव्हे, रिमोटवर चालणारी, साठ सेंटिमीटर लांबीची.

परभणी जिल्ह्यात कुणाला 'होडी करतोय' असं सांगितलं की समोरचा आधी आपल्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. इथे टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेलेत आणि हा म्हणे होडी करतोय! पण पुतण्या आठवीत आहे, हाताला गुण आहे, आणि मोबाइलमधून डोकं बाहेर काढायला एवढं निमित्त मला पुरेसं होतं.

प्लायवूड कापणं, फायबर लावणं, घासणं, रंग देणं हे सगळं जमलं. गाडी अडली ती एका प्रश्नावर. हिला पळवायचं कशावर? म्हणजे मोटर कोणती, पंखा केवढा आणि बॅटरी कसली?

पुतण्याचं उत्तर तयार होतं. ब्रशलेस मोटर आणि तीन सेलची लायपो बॅटरी. व्हिडिओत बघितलेल्या होड्या त्याच्यावरच उडतात. "काका, चाळीसचा स्पीड धरती ती!" हे त्याचं पालुपद.

त्याचं चुकीचं होतं असं नाही. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे कार्बन नसतात, त्यामुळे झीज कमी आणि ताकद भरपूर. लायपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, तीन मिळून ११.१. अशी होडी ६० अँपिअर ओढू लागली की हिशेब होतो ६६६ वॅट. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ७४६ वॅट म्हणजे एक एचपी, तेव्हा जवळजवळ एक एचपीची मोटर दीड हात होडीत! शर्यतीसाठी ती उत्तमच आहे.

पण शर्यत लावायची कुठे?

आमच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, १९६८ साली झालेलं. तिथे पाणी पाडून वीज करतात, साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. आम्ही उलटं करणार, वीज खर्चून पाणी ढकलणार. पण त्या एवढ्या पसाऱ्यात वीतभर उंचीची होडी शंभर मीटरवर गेली की तिचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे तेही कळत नाही. तेव्हा जागा ठरली ती दादाच्या शेतातलं शेततळं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, त्यातलं ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल. आत पाचशे मायक्रॉनची पन्नी अंथरलेली.

आता ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तीस मीटरचं तळं ती होडी पावणेतीन सेकंदात ओलांडणार. पुतण्या 'वळव' म्हणेपर्यंत ती पलीकडच्या तुरीत. हा हिशेब मी त्याला कागदावर करून दाखवला. तो थोडा नरमला, पण पूर्ण नाही. "अर्ध्या स्पीडनं पळवू की मग," म्हणाला.

हे चाललेलं असताना वहिनी भाकरी थापत होती. ती मधेच एवढंच म्हणाली, "भाऊजी, अन् ती मधेच बंद पडली तर?"

पुतण्या लगेच म्हणाला, "मी पोहून आणतो की!"

त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. दादाने फक्त माझ्याकडे बघितलं.

शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. शेततळं विहिरीपेक्षा निरुपद्रवी दिसतं, म्हणूनच जास्त वाईट. उतरता काठ, त्यावर गुळगुळीत पन्नी, पन्नीवर शेवाळाचा थर. पाय ठेवला की माणूस सरळ आत. पोहता येत असलं तरी बाहेर यायला धरायला काही नसतं. ना पायरी, ना दगड, ना मूळ. हात मारत मारत काठाला येऊन दमून बुडालेली माणसं आहेत. शेततळ्यात पोरं बुडाल्याची बातमी वाचली नाही असा एक उन्हाळा मला आठवत नाही.

तेव्हा वहिनीचा प्रश्न हाच खरा प्रश्न, बाकी सगळं नंतर. होडी किती पळते हे विचारायचंच नाही. ती परत कशी येते आणि नाहीच आली तर काय, एवढंच विचारायचं. एकदा हे ठरलं की मोटर, पंखा, बॅटरी आपोआप ठरत गेली. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

पहिलं म्हणजे होडीचा आकार. आम्ही टगबोट बांधायचं ठरवलं. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी, बुटकी, जाड अंगाची. अशी होडी पाणी कापत जाते, पाण्यावर उडत नाही. आणि पाणी कापणाऱ्या होडीला निसर्गानेच वेगाची मर्यादा घालून दिलेली आहे. ती स्वतः उठवलेल्या लाटेच्या पुढे जाऊ शकत नाही. ढोबळ हिशेब असा: पाण्यात असलेल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि सव्वाने गुणा, सेकंदाला किती मीटर ते येतं. आमची पाण्यातली लांबी ५५ सेंटिमीटर, म्हणजे वेग ताशी सुमारे सव्वातीन किलोमीटर. तळं ओलांडायला अर्धा मिनिट. त्याच्यावर कितीही मोठी मोटर लावा, शेपूट खाली बसेल, लाट मोठी होईल आणि बॅटरी संपेल. वेग काही फारसा वाढायचा नाही. मोठ्या मोटरचा मोह इथेच संपला.

दुसरं, पंखा. पुतण्याला ४५ मिलिमीटरचा हवा होता, दिसायला झकास म्हणून. मी ३५ चा घेतला, तीन पात्यांचा. पाण्यातल्या पंख्याचं गणित भयंकर असतं. फेऱ्या दुप्पट केल्या तर ताकद आठपट लागते. आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवून पंखा ३५ चा ४५ केला तर सुमारे साडेतीनपट. दहा मिलिमीटरला एवढी किंमत! बऱ्याच होड्यांच्या मोटरी जळतात त्या मोटर लहान म्हणून नव्हे, पंखा मोठा म्हणून.

तिसरं, मोटर. इथे मी साधी, जुन्या पद्धतीची, कार्बनवाली १२ व्होल्टची मोटर निवडली आणि ती ६ व्होल्टवर चालवायची ठरवली. कमी फेऱ्या, कमी ऊन, जास्त आयुष्य. पण एक नाही, दोन. डावीकडे एक, उजवीकडे एक, प्रत्येकीचा शाफ्ट वेगळा, पंखा वेगळा, स्पीड कंट्रोलर वेगळा आणि फ्यूजही वेगळा. बैलजोडीत एक बैल बसला की दुसऱ्यालाही उभं राहावं लागतं. मोटरींचं तसं नाही. एका पंख्यात शेवाळ अडकलं, मोटर थांबली, फ्यूज उडाला तरी दुसरी होडीला काठापर्यंत आणते. तोंड एका बाजूला ओढतं खरं, पण सुकाणू उलटं धरलं की येते वाकडी वाकडी.

फ्यूज लावणं बरेच जण टाळतात. पण अडकलेली मोटर चालत्या मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि बंद होडीत तापलेली वायर कुणाला दिसत नाही. मोटरसायकलचे पात्याचे फ्यूज गावातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात.

चौथी आणि सगळ्यात वादाची गोष्ट, बॅटरी. लायपो हलकी असते, पण तिला ३ व्होल्टच्या खाली नेलं की ती मरते. म्हणून स्पीड कंट्रोलर त्याआधीच मोटर तोडतो. बॅटरी वाचते, होडी मात्र तळ्याच्या मध्यात राहते! शिवाय तिचा जोर शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम पडतो. सूचना अशी मिळत नाही. त्यात आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीत विसरलेली लायपो मला घरात नको होती.

म्हणून घेतली ती ६ व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी. इमर्जन्सी दिव्यात असते तीच, परभणीत कुठेही मिळते. वजन पाऊण किलो. विमानात हे वजन म्हणजे गुन्हा, पण होडीत वरदान. साडेतीन किलोच्या टगबोटीला नीट बसायला तळाशी वजन लागतंच, मग दगड भरण्यापेक्षा बॅटरी काय वाईट? आणि ही बॅटरी दमत दमत जाते. होडी हळू झाली की समजायचं, बाईंना घरी जायचंय. बोलावून घ्यायचं.

घरामागच्या हौदात होडी दोरीने बांधून पूर्ण जोरात चालवली आणि मीटर लावला. दोन्ही मोटरी मिळून तीन अँपिअर. म्हणजे १८ वॅट, नऊ वॅटचे दोन बल्ब. कुठे ते ६६६ आणि कुठे हे! शिशाची बॅटरी असा करंट ओढला की पूर्ण साडेचार देत नाही, तीनच्या आसपास धरायचं. म्हणजे तासभर. आम्ही रिमोटवर २५ मिनिटांची घंटा लावली. घंटा झाली की परत, खेळ कितीही रंगात असो.

रिसीव्हरला आणि सुकाणूला मात्र वेगळे चार पेन्सिल सेल दिले, रिचार्जेबल. मोठी बॅटरी बसली तरी सुकाणू आपलं ऐकलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्पीड कंट्रोलरच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या वायरीतली लाल तार काढून टेप गुंडाळली, नाहीतर दोन ठिकाणची वीज एकमेकांशी भांडते. अँटेना डेकच्या वर उभी केली, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जवळजवळ शिरत नाहीत.

(गंमत म्हणून सांगतो. रेडिओवर चालणारी होडी टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कला केली, नोव्हेंबरात पेटंटही मिळालं. तिच्यातही चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या आणि विजेचीच मोटर होती. पुतण्याला हे सांगितल्यावर 'शिशाची जुनाट बॅटरी' हा शब्दप्रयोग घरातून बंद झाला :-) )

एवढं करूनही वहिनीचा प्रश्न उरतोच. दोन्ही मोटरी बंद पडल्या तर? पडू शकतात, यंत्र आहे. त्याचं उत्तर विजेत नाही. आम्ही टेनिसच्या चेंडूला मासे पकडायची लांब दोरी बांधली. चेंडू होडीच्या पलीकडे फेकायचा आणि ओढत आणायचं. तेही नाही जमलं तर वाट बघायची. आपल्याकडे 'वाऱ्यावर सोडणं' वाईट समजतात, पण तीस मीटरच्या तळ्यात बंद होडीला वाऱ्यावर सोडणं यासारखं शहाणपण नाही. आज ना उद्या ती कुठल्या तरी काठाला लागतेच.

हे नुसतं सांगून तेरा वर्षांच्या पोराला पटत नाही. म्हणून पहिल्या दिवशी तळ्यावर गेलो तेव्हा होडी मध्यावर नेऊन मी त्यालाच रिमोट बंद करायला लावला. सिग्नल गेल्यावर दोन्ही मोटरी थांबतील असं आधीच सेट केलं होतं. तशा त्या थांबल्या. होडी मध्यात डुलत उभी. मग मी म्हटलं, आता काही करायचं नाही. चेंडूसुद्धा नाही. उभं राहायचं.

त्याने हात मागे बांधले, परत सोडले. दोनदा कुंपणापाशी गेला आणि माझ्याकडे बघून मागे आला. वारा पडलेला होता. "काका, हलतच नाही की," म्हणाला. मग थोड्या वेळाने झुळूक आली आणि टगबोट आडवी आडवी सरकायला लागली. एकूण अठरा मिनिटं लागली. दादाने काठावर ट्यूब आणि गाठी मारलेला दोर आधीच टाकून ठेवला होता, त्याला हात लावायची वेळ आली नाही. होडी आपसूक पन्नीला टेकली, तेव्हा पोराने लांब काठीच्या आकड्याने ती ओढून घेतली. कुंपणाच्या बाहेरून.

त्या अठरा मिनिटांत तो जे शिकला ते मोटर-बॅटरीच्या सगळ्या हिशेबापेक्षा मोठं, असं मला वाटतं. वहिनी त्या दिवशी आली नव्हती. घरी गेल्यावर तिने विचारलं, "पडली का बंद?" पुतण्या म्हणाला, "मीच पाडली. आली आपली आपण." ती काही बोलली नाही, पण त्याच्या ताटात दुसरी भाकरी जरा जास्तच तूप लावून पडली.

असो. रेडिओ सोडून विजेचा सगळा खर्च दोन हजारांच्या आसपास आला, विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. पुतण्याचं चाळीसच्या स्पीडचं खूळ गेलेलं नाही, आणि जाऊही नये. मोठा होऊन मोकळ्या पाण्यावर, माणसं आणि नियम असलेल्या ठिकाणी करू दे की. तोपर्यंत दिवाळीला गावाकडे येणाऱ्या मंडळींनी मुलांसाठी फटाके कमी आणि रिचार्जेबल सेल जास्त आणावेत, ही विनंती. आणि तुमच्या घरच्या शेततळ्याला कुंपण नसेल, काठावर दोर नसेल, तर होडी राहू द्या, आधी तेवढं करा.