पंधरा मिलिमीटर

दादाने दिवाळीआधी पिकअप उचलली. म्हणजे मागच्या कमानीत एकेक जादा पाटा घातला आणि पुढूनही तेवढीच वर घेतली. गाडी दोन इंच उंच झाली आणि खालचे टायर एकदम बारके दिसायला लागले, मोठ्या माणसानं लहान पोराच्या चपला घालाव्यात तसे. म्हणून आता रुंद टायर हवेत.

"पाय ना, कशी दिसते!" त्याने वसतिगृहात मला फोटो पाठवला. बाबांना दिसण्याचं काही नव्हतं. "तू शिकून राह्यली त सांग बाई, ते टायरवरचे आकडे काय म्हनतेत?"

आमचं वांकिडी आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलंगणाच्या अगदी कडेला. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, शेतात काळी माती आणि कापूस. परतीचा पाऊस लांबला की पहिल्या वेच्याला पांदणीत चिखल असतो. मागच्या आसाच्या मध्यावरचा डिफरेन्शियलचा गोळा दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकतो आणि गाडी अडकते. पाटा घालून बॉडी वर जाते. हा गोळा मात्र तिथेच राहतो. चाक मोठं झालं तरच तो उचलला जातो.

किती, ते मोजलं. आमचा टायर २१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. चाकाचा व्यास ७०३.५ मिलिमीटर. दादाने पसंत केलेला २३५/७५ आर १५, व्यास ७३३.५. फरक ३० मिलिमीटर, पण त्यातला अर्धाच आसाखाली येतो. पंधरा मिलिमीटर. माझ्या करंगळीपेक्षा थोडं जास्त!

त्या बदल्यात गाडीची ओढ चार टक्क्यांनी कमी होणार. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर पळत असेल. आणि मला खरी भीती वाटली ती पुढच्या आकड्याची. जुन्या टायरवर १०६ होतं, म्हणजे एका टायरला ९५० किलो. नव्यावर १०५, म्हणजे ९२५. तो जीपगाड्यांचा टायर. दिसायला दणकट, पेलायला कमी. मागच्या दोन चाकांवर मिळून ५० किलोची तूट, तीही उंच केलेल्या, वरपर्यंत कापूस भरलेल्या गाडीत. संध्याकाळी वेचणाऱ्या बाया त्याच गाडीत बसून घरी येतात. त्यात आईपण असते.

आजोबांच्या बंडीचं चाक आठवलं. (बंडी हा शब्द तेलुगूतही आहे, तिथे मोटारसायकललाही बंडी म्हणतात.) ते चाक उंच आणि अरुंद असायचं. त्यावर लोखंडाची धाव तापवून चढवायचे, थंड झाली की ती आवळून बसायची. उंच चाकामुळे आस चिखलाच्या वर राहायचा आणि अरुंद धाव चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जायची. रुंद टायरच्या खाचांत काळी माती बसली की तो गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. दादाला हे मी समजावण्याची गरजच नव्हती, लहानपणी बंडी त्यानेच हाकली आहे.

तरी तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी जादा पाटे काढायला लावले. हप्ते बाबाच भरतात. ठरलं ते असं: माप तेच, ओझ्याचा आकडा १०६ च, मागे मात्र खोल, मोकळ्या खाचांची नक्षी.

दुकानात दादा एकटाच गेला. तिथून त्याचा फोन आला: "अन् हे चार आकडे कायचे? ३२२१."

"बत्तिसावा आठवडा, २०२१. टायर तेव्हा बनला."

पलीकडे तो दुकानदाराशी तेलुगूत बोलायला लागला. मग मला म्हणाला, "थांब, दुसरे काढून राह्यला. वाचून सांगतो."