गाडीचे सगळे कागद सापडतात, ड्रायव्हरचा एकही नाही

बोरीत कुठल्याही गल्लीत जा, एखादा तरी रिटायर ड्रायव्हर सापडतोच. 'रिटायर' हा शब्द आपण आपला आदरानं वापरायचा. मास्तर रिटायर होतात तेव्हा सत्कार होतो, शाल-नारळ मिळतं, पेन्शन सुरू होतं. ड्रायव्हर रिटायर होतो म्हणजे काय, तर एक दिवस रात्री समोरच्या गाडीचा लाईट डोळ्याला सहन होत नाही आणि मालक म्हणतो, "आता राहू द्या मामा."

आज अशाच एका मामांबद्दल लिहितोय. वय सत्तरीला टेकलंय. नाव टाकू नको म्हणाले. "नावाचं काय करतो बा? माझ्यासारखे लई हायेत, त्यांचं लिही."

मामांची सुरुवात १९७२ च्या दुष्काळातली. त्या वर्षी मराठवाड्यात गावंच्या गावं दुष्काळी कामावर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. पंधरा-सोळा वर्षांचे मामा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. खायला सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो. तो मिलो घेऊन येणारा ट्रक ते रोज बघायचे. "म्हणलं, दगड फोडण्यापरीस ह्याच्यावर बसलेलं बरं." पुढच्या वर्षी ते किन्नर म्हणून गाडीवर चढले. पगार नाही, फक्त जेवण आणि शिकायला मिळेल हा वायदा.

पहिली गाडी जुनी टाटा-मर्सिडीज. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तो करार संपला, समोरचा तीन टोकांचा तारा गेला आणि 'टी' आला. पण मामांच्या पिढीनं पुढं कैक वर्षं गाडीला मर्सिडीजच म्हटलं.

१९७८ मध्ये हेवी लायसन निघालं आणि हातात टाटा १२१० आली. त्या काळी कंपनीकडून नुसती चेसिस मिळायची. केबिन आणि बॉडी सुतार-लोहार बनवणार. लाकडी केबिन, त्यात इंजिन मांडीला मांडी लावून. "उन्हाळ्यात पायाचा पंजा भाजून निघायचा. पाण्यात भिजवलेलं पोतं टाकायचो पायाखाली." पॉवर स्टेअरिंग हा शब्द ऐकलेला नव्हता. भरलेली गाडी जागेवर वळवायची म्हणजे दोन्ही खांदे लागायचे. मामांचा उजवा खांदा आज वर जात नाही, त्याचं मूळ तिथं आहे.

माल कोणता? आपल्या भागाचा म्हटल्यावर कापूसच. मानवत, सेलू, परभणीच्या जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी भरायच्या. एकेक गाठ पावणेदोन क्विंटलच्या आसपास. ताडपत्री, दोरखंड, आणि निघायचं मुंबईला. जिंतूर, मंठा, जालना, तेव्हाचं औरंगाबाद, नाशिक, कसारा घाट आणि शेवटी कॉटन ग्रीनची गोदामं. त्या स्टेशनचं नाव कापसावरून पडलंय, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपल्या रानातला कापूस तिथवर नेणारे हात हे.

दुसरी खेप कोइमतूरची. नांदेड, हैदराबाद, कर्नूल, बंगलोर, मग धर्मपुरी ते सेलमच्या मधला तोप्पूर घाट. हा उतार ट्रकच्या अपघातांसाठी आजही बदनाम आहे. मामा सांगतात, "तिथं गाडी न्यूट्रल केली की संपलं. डिझेल वाचवायच्या नादात लई जण गेले. ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं." येताना रिकामं येणं परवडायचं नाही, म्हणून कोइमतूरहून विहिरीच्या मोटारी भरायच्या. आपल्या आज्या-पणज्याच्या विहिरीवर बसलेली पहिली इलेक्ट्रिक मोटार अशाच एखाद्या गाडीतून आली असेल.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तिसऱ्या दिवशी मामा परभणीहून पत्रे आणि घोंगड्या घेऊन तिकडं गेले. ती आठवण ते लांबवत नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या खेपेचं भाडं मालकानं घेतलं नाही, मी भत्ता घेतला नाही. वास मात्र महिनाभर गेला नाही."

पुढं मामांनी कर्ज काढून जुनी दहा चाकी घेतली. हप्ता, टायर, डिझेल, वाराई, नाक्यानाक्यावरचा 'खर्च', पोरीचं लग्न. सहा वर्षांत गाडी विकली आणि परत दुसऱ्याच्या गाडीवर बसले. शेवटची काही वर्षं ४०७ वर बाजार केले. २०१२ मध्ये स्टेअरिंग सुटलं. आता घरासमोर एक जुनी लुना आहे, तीही ढकलून चालू होते.

आता मुद्द्याचं बोलतो.

मामांकडं एक पत्र्याची पेटी आहे. त्यात विकलेल्या दहा चाकीचे झेरॉक्स अजून जपून ठेवलेत. आरसी, परमिट, फिटनेस, टॅक्सच्या पावत्या, विमा, जकातीच्या चिठ्ठ्या. गाडी कुठल्या साली कुठं होती, किती टन भरून होती, सगळं सांगता येतं. आणि जो माणूस जवळपास चाळीस वर्षं रस्त्यावर राबला, त्यानं काम केलं हे सांगणारा कागद? एक मुदत संपलेलं लायसन. बस.

तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, आठवड्याची सुट्टी, सगळं लिहिलेलं. पण तो लागू कुणाला? ज्याच्याकडं पाच किंवा जास्त कामगार आहेत त्याला. आपल्याकडं मालक एका गाडीचा, फार तर दोन. म्हणजे एक ड्रायव्हर, एक किन्नर. बोरी-जिंतूरचे बहुतेक ड्रायव्हर आयुष्यभर ह्या कायद्याच्या बाहेरच राहिले. पीएफचं तर नावच सोडा.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल आलं. वयाची अट १६ ते ५९. मामा तेव्हा साठीच्या पुढं. रिक्षा आणि टॅक्सी चालकांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ झालं, चांगलंच झालं. पण ट्रकवाला त्यात बसत नाही. राहिली श्रावणबाळ योजना. ६५ वर्षं पूर्ण, महिन्याला १५०० रुपये. अट काय, तर वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. घरात पोरगा पिकअप चालवतो, दोन घास मिळतात, म्हणून मामा 'निराधार' ठरत नाहीत. दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. कुठल्या टेबलावरून परत आला ते इथं लिहीत नाही. अटच अशी असेल तर टेबलावरचा माणूस तरी काय करणार?

जानेवारी २०२४ चा संप आठवतो ना? पेट्रोल पंपावर आपण सगळे बाटल्या घेऊन उभे होतो. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. जुन्या कायद्यात निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर जास्तीत जास्त २ वर्षं होती. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले, तेव्हा हे कलम तेवढं बाजूला ठेवलं. जखमीला रस्त्यावर टाकून पळणं चूकच आहे, त्यावर वाद नाही. पण मामांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "पळायची हौस कुणाला? थांबलो तर जमाव आधी मारतो, मग विचारतो चूक कुणाची. थांबणाऱ्याला वाचवायची सोय करा, मग पळणाऱ्याला फाशी द्या."

काहीच सुधारलं नाही असं नाही. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हे ऐकून मामा हसले आणि पाय चोळत म्हणाले, "लेकरायचं तरी भलं झालं." २०१८ मध्ये सरकारनं दहा चाकीची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर नेली. गाडीनं किती ओझं न्यायचं हे सरकार वेळोवेळी ठरवतं. ड्रायव्हरनं किती तास जागायचं हे मात्र अजून हुंडेकरी आणि मालकच ठरवतात.

मित्रांनो, मामांसाठी आता फारसं करता येणार नाही. पण आज गावात पिकअप, टिप्पर, दहा-बारा चाकी चालवणारी विशी-पस्तिशीतली कितीतरी पोरं आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी आजच होऊ शकतात.

एक, ई-श्रम नोंदणी. आधार, बँक पासबुक आणि मोबाईल घेऊन सेतू किंवा सीएससी केंद्रावर जा.
दोन, वय ४० च्या आत असेल तर श्रमयोगी मानधन योजना. जेवढा हप्ता तुम्ही भरता तेवढाच सरकार भरतं, साठीनंतर महिन्याला ३००० रुपये पेन्शन.
तीन, वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा. मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. एका चहा-नाष्ट्यापेक्षा स्वस्त आहे, तरी निम्म्या पोरांनी काढलेला नाही, हे मी गप्पांमधून सांगतोय.

आणि मालक लोकांना हात जोडून विनंती. ड्रायव्हरला पगार रोख न देता खात्यावर टाका आणि वर्षातून एकदा साध्या कागदावर लिहून द्या, की हा माणूस आमच्याकडं अमुक साली कामाला होता. तुमचं काही जाणार नाही. उद्या त्याला तेवढाच पुरावा राहील.

येत्या ग्रामसभेत मी एकच प्रश्न विचारणार आहे. बोरीत ड्रायव्हर किती? पंचायतीच्या रजिस्टरमध्ये त्यांची यादी का नसावी? तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर त्यांना घेऊन या. जितकी जास्त माणसं उभी राहतील, तितकं उत्तर टाळणं अवघड जाईल.