ऐंशी नंबरचा कागद

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागणारं घरगुती गिऱ्हाईक बहुधा बारीक कागद उचलतं. २२० नाहीतर ३२०. हाताला मऊ लागतो, सागवानाला खरचटणार नाही असंही वाटतं. मी उलट सांगतो: मुख्य मेहनत ८० नंबरवरच उरकायची. जुनं व्हार्निश, डाग, रंध्याने राहिलेल्या लाटा हे सगळं ८० काढतो. पुढे १२० फक्त ८०चे ओरखडे पुसायला आणि १८० फक्त १२०चे. बाहेरच्या दाराला किंवा पडवीतल्या झोपाळ्याला मी १८०वर थांबतो. त्याहून गुळगुळीत केलं तर व्हार्निश धरायला जागाच मिळत नाही. ओरखडे उरलेत का ते बॅटरीचा झोत आडवा टाकून बघावं, वरच्या उजेडात सगळंच छान दिसतं. हात लाकडाच्या रेषेने फिरवायचा, आणि सपाट जागी कागद ठोकळ्याला गुंडाळून.

अलिबाग ते श्रीवर्धन या पट्टीत आणखी एक भानगड आहे, हवेची. सरसाने चिकटवलेला स्वस्त कागद पावसाळ्यात नरम पडतो, दाणे हातात येतात. इथे काळा वॉटरप्रूफ कागद किंवा कापडी पाठीचा घ्यावा, तोही झाकणाच्या डब्यात ठेवावा. समुद्राकडच्या लाकडावर मीठ बसलेलं असतं. घासण्याआधी ते गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून लाकूड पुरतं वाळू द्यावं, नाहीतर व्हार्निशखाली ते ओल ओढत राहतं.

या दाण्याशी आपल्या जिल्ह्याची ओळख जुनी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. उरणजवळच्या मोऱ्याला १९४१मध्ये ग्राइंडवेलचा ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना सुरू झाला. धार लावायच्या चाकात असतो तोच ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड कागदावरही असतो. कागदावर त्याचा एक थर, चाकात तो आरपार.

आता दाराचं. आषाढात दार अडकलं की लोक लगेच कड घासायला बसतात. होळीपर्यंत तेच दार आक्रसतं आणि घासल्या जागी फट पडते. तेव्हा अडकते ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा आणि दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, ८० नंबर हातात घ्या. दाराची वरची आणि खालची कड तेवढी विसरू नका. तिथे सहसा कुणी व्हार्निश लावत नाही, आणि पाणी तिथूनच आत शिरतं.